उसवण कुठे गेला

१

सुईदोरा कट्ट्यावरून उसवण नाहीसा झाला, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी कुणाला डाचली असेल तर ती त्याच्या हाडवैरिणीला.

हाडवैरीण म्हणजे एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाई. आणि कट्टा म्हणजे शिलाई मशीनच्या दुखण्यांवर बोलणाऱ्यांचा इंटरनेटवरचा अड्डा. कुणाचं मशीन रुसलं की त्यानं तिथे गाऱ्हाणं मांडायचं, फोटो टाकायचा किंवा मशीन चालवून आवाज ऐकवायचा, मग जाणत्यांनी निदान करायचं. खरा दोष काय निघाला, हा 'निकाल' शेवटी परत येऊन सांगायचा, असा तिथला रिवाज. खऱ्या नावानं तिथे कुणीच वावरत नसे. बाई 'सरळ टाका' होत्या. त्यांनी काही लिहिलं की पाठोपाठ त्यांचं लिहिणं उसवायला जो हजर व्हायचा, तो 'उसवण'. सहा वर्षं हे अखंड चाललं होतं. बाई म्हणाल्या शटल, की तो म्हणे सुई. बाई म्हणाल्या सुई, की तो म्हणे दोरा.

त्या सकाळी कट्ट्यावर एक निकाल येऊन पडला होता. घरगुती शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं विचारलं होतं की टाके सुटतात, काय करू. सरळ टाका यांनी बेधडक सांगितलं होतं, शटलची वेळ चुकली आहे, म्हणजे मशीनच्या पोटातला भाग सुईच्या तालात फिरत नाही, खालची बाजू खोला. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिनं खोललं, आणि ते काही तिला परत जोडता आलं नाही. मशीन मुकं झालं, हातातलं काम गेलं, आणि अखेर मिस्त्री बोलावला तर त्यानं सांगितलं, "सुई उलटी बसवली होती, एवढंच."

ते वाचून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण कुठलंही दुखणं असो, उसवणचा पहिला प्रश्न ठरलेला असे. आधी सुई काढून हातात घेतलीत का? या एका प्रश्नानं सहा वर्षं बाईंच्या डोक्यात तिडीक जात आली होती. आज तो प्रश्न विचारला गेला असता तर एका बाईचं मशीन वाचलं असतं. तो कुणीच विचारला नाही, कारण उसवण तिथे नव्हताच.

बाईंनी मागे जाऊन शोधलं. उसवणचं शेवटचं लिखाण बरंच जुनं निघालं. कापडाच्या खाली दोऱ्याचे गुंते होत असल्याचा फोटो बाईंनी त्यावर बाण आखून कट्ट्यावर टाकला होता, त्यावर त्यानं लिहिलं होतं, "फोटोचं कौतुक नको, चालवून ऐकवा." त्याच्याखाली एकच ओळ होती, आणि त्यानंतर तो बोलला नव्हता.

ती ओळ बाईंची होती. "इतकं ढळढळीत दिसत नसेल तर आधी चष्मा बदला."

२

"तुझा तो भांडखोर रुसला तर," नवरा म्हणाला. "माझ्याशी भांडायला तुला वेळ नाही, त्याच्यासाठी मात्र जेवण गार होतं. सुटलीस म्हण."

बाईंना सुटल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. हल्ली त्या काहीही लिहीत, आणि खाली वा वा, अगदी खरं, बाईंना सलाम, असा पूर लोटे. आधी मजा वाटली. मग आपण न तपासता ठोकून देतो आहोत हे त्यांचं त्यांना कळू लागलं. उसवण येणार म्हणून त्या पूर्वी लिहिण्याआधी दहादा विचार करायच्या. आता विचार करायला लावणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि त्याची किंमत तिसऱ्याच एका बाईनं मोजली होती. तो आपल्या एका वाक्यानं गेला का, हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरेना. कट्ट्यावर त्यांनी दोनदा थेट विचारलं, उसवण कुठे आहेत? कुणी उत्तर दिलं नाही.

मग बाईंनी माणसं हेरली. पहिला संशय कट्ट्याच्या चालकावर. हे गृहस्थ दोऱ्याच्या रिळांचे व्यापारी, सगळे त्यांना रीळवाले म्हणत. कट्टा चालायचा त्यांच्या खर्चानं, आणि त्यांच्या दुकानातलं तेल हे तेल नसून डिंक आहे असं उसवणनं चारचौघांत लिहिलं होतं. एवढ्यावरून माणसाला हाकललं असणं अशक्य नव्हतं.

बाईंनी फोन लावला. रीळवाले दुखावले. म्हणाले, तेलाचा राग आला होता, नाही असं नाही, पण त्या भांडणानं कट्ट्यावर जत्रा लोटली आणि रिळं दुप्पट खपली, असा माणूस मी कशाला घालवीन? मग ते आपल्या नव्या कट्ट्याचं पुराण सांगत बसले. जुनी मांडणी मोडून सगळं नवीन केलं. भुरट्या जाहिराती पार बंद झाल्या. दारात असा पहारेकरी बसवला की खरा माणूस असेल तोच आत येणार. तक्रार म्हणाल तर आजतागायत एक नाही. बाईंना पहारेकरी ठाऊक होता. रोज आत शिरताना नऊ चित्रांमधली शिडीची चित्रं बोटानं दाबावी लागत, मग दार उघडे. त्यांना तो पोरखेळ वाटे, पण त्या मुकाट्यानं दाबत.

"उसवणचं खातं बंद केलंय का तुम्ही? एवढंच सांगा."

"खातं जसंच्या तसं आहे. नवीन कट्टा सुरू झाल्यापासून ते आत आलेच नाहीत, त्याला मी काय करू?"

"नवीन कट्टा कधी सुरू झाला?"

रीळवाले जरा घुटमळले. "तुम्ही त्यांना चष्म्यावरून बोललात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. खरं सांगू का बाई? ते वाचून मलाच झोंबलं होतं."

३

दुसरा संशयित बाईंच्याच शहरात होता. कट्ट्यावर तो 'नवाकोरा' म्हणून वावरे आणि नव्या मशीनची एजन्सी चालवे. उसवणचं म्हणणं असे की जुनं लोखंड मरत नाही, माणसं त्याला मारतात. त्यामुळे नवाकोरा यांची कितीतरी गिऱ्हाइकं हातची गेली होती.

बाई दुपारी कपडेपटातून निघून थेट त्याच्या दुकानात गेल्या. काचेमागे पांढरी शुभ्र मशीनं ओळीनं मांडली होती, आणि मालक कापडाच्या तुकड्यानं त्यांच्यावरची नसलेली धूळ पुसत होता. बाईंनी ओळख दिली तेव्हा तो उठून उभा राहिला. उसवणचं नाव काढताच परत बसला.

त्यानं आडपडदा ठेवला नाही. बरं झालं गेला ते, म्हणाला. मात्र घालवणारा मी नव्हे. उलट मी त्याला एक मशीन फुकट देऊ केलं होतं, वापरून बघा आणि चार शब्द बरे लिहा म्हणून. पत्ता मागितला तर माणसानं ताकास तूर लागू दिली नाही. कळवलं काय, तर कारखान्यातली चाळीस मशीनं माझ्या जिवावर चालतात, एकेचाळिसावं कुठे ठेवू?

"भलताच तऱ्हेवाईक माणूस," नवाकोरा म्हणाला. "मी दरपत्रकाचा झकास फोटो टाकला होता, रंगीत. सगळ्यांनी कौतुक केलं. आणि हा म्हणतो, भाव लपवता कशाला, लिहून सांगा. अहो, भाव फोटोत होते. सगळे होते. एवढ्या मोठ्या अक्षरांत."

बाईंना हसू आलं, कारण हे अगदी उसवणला शोभण्यासारखं होतं. पण त्या बाहेर पडल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. नवाकोरा खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस 'बरं झालं' असं इतक्या मोकळेपणी म्हणत नाही. म्हणजे दुसरं नावही खोडलं गेलं, आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना.

४

तिसरी होती 'रेशीमगाठ'. ही शाळेत शिवण शिकवायची आणि कट्ट्यावर बाईंच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणायची. बाई मनातल्या मनात तिला होयबा म्हणत. बाईंच्या बाजूनं तिनं उसवणला खासगीत काही खरमरीत लिहिलं असेल, असा बाईंचा कयास होता.

फोनवर ती आधी गहिवरली, मग घाबरली, मग कबूल झाली. लिहिलं होतं, ताई. पण फार पूर्वी. तिनं स्वतःच्या भरतकामाचा फोटो त्याला पाठवला होता, टाके वेडेवाकडे का पडतात म्हणून. त्यानं उत्तर दिलं, उलट बाजूवरून बोट फिरवा आणि गाठी लागतात का सांगा. तिला तो अपमान वाटला. इतक्या नाजूक कामाबद्दल एक चांगला शब्द नाही, आणि म्हणे बोट फिरवा. तिनं त्याला दगड म्हटलं. त्यानं तिचे आभार मानले, आणि पुढे बोट फिरवल्यावर दोष सापडलाही.

"आता मात्र छान शांत आहे, नाही ताई? कुणी कुणाला बोलत नाही."

बाईंनी फोन ठेवला तो आदळलाच. ही शांतता त्यांना खायला उठली होती. तिन्ही संशयित हातचे निसटले होते आणि उरला होता एकच गुन्हेगार, ज्याचं तोंड त्यांना रोज आरशात दिसत होतं.

संध्याकाळी त्या हट्टाला पेटल्या आणि जुनी भांडणं पहिल्यापासून वाचत बसल्या. कुणी किती वेळा जिंकलं, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता. साधारण बरोबरीच होती, काकणभर सरस आपणच. आता वाचता वाचता त्यांच्या लक्षात येऊ लागलं की जिथे मशीनचा आवाज ऐकवलेला होता, तिथे उसवण जवळजवळ कधीच हरला नव्हता. पट्टा सैल आहे, सुई पत्र्याला घासते आहे, चाकाला तेल नाही, सगळं बिनचूक. आणि बाई जिथे जिथे जिंकल्या होत्या, तिथे तिथे फोटो होता.

तेही ठीक. पण त्यांनी पुन्हा वाचलं, तर फोटोच्या भांडणांत तो हरलाही नव्हता. एकदा 'चालवून ऐकवा' म्हणे, आणि मग मूग गिळून गप्प बसे. त्या गप्प बसण्यालाच बाई आपला विजय समजत आल्या होत्या.

आवाजावर वाघासारखा तुटून पडणारा माणूस फोटो आला की माघार का घेत होता? बाईंनी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, नेट हळू असेल त्याचं. सहा वर्षं? असेल, तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.

५

दुसऱ्या दिवशी कपडेपटात नव्या नाटकाची गडबड होती. राजाचे तीन अंगरखे आणि दासींचे आठ घागरे उद्याच्या तालमीला हवे होते. अशा वेळी बाईंचा चष्मा त्यांच्याच पायाखाली आला. जवळचं सगळं धूसर झालं. मशीनचं त्यांना काही वाटलं नाही. हात सवयीनं चालत होते, टाका बरोबर पडतो की नाही ते कानाला कळत होतं, आणि शिवण बोटाखाली सरळ लागत होती.

चहाच्या वेळी त्यांनी कट्टा उघडायला घेतला. त्या दिवशी आत शिरायची ती पहिलीच वेळ. पहारेकरी आडवा आला. नऊ चित्रं, नऊ डाग. शिडी कुठली आणि खिडकी कुठली, काही कळेना. त्यांनी अंदाजानं दाबलं. चूक. पुन्हा दाबलं. पुन्हा चूक. मग त्या भडकल्या आणि त्यांनी खालच्या 'तक्रार नोंदवा' वर बोट ठेवलं. तक्रारीचं पान आलं, आणि त्याच्या दारात पुन्हा तोच पहारेकरी. तक्रार करायची असेल तर आधी शिडी ओळखा.

"हा काय चावटपणा आहे?" बाई म्हणाल्या. "ज्याला चित्र दिसत नाही त्यानं चित्र दिसत नाही हे सांगायचं तरी कुणाला?"

काजं करणाऱ्या बाईनं मान वर केली. "आणा, मी दाबून देते."

पण बाईंनी फोन दिला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, हातात तुटका चष्मा घेऊन. फोटोचं कौतुक नको. भाव लिहून सांगा. बोट फिरवा आणि सांगा. आधी सुई हातात घेतलीत का? बघितलीत का असं त्यानं सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. हातातच घ्यायला सांगितली होती.

मग त्यांनी रीळवाल्यांना फोन लावला.

"उसवणला दिसत नाही," त्या म्हणाल्या.

पलीकडे रीळवाले हसले. काहीतरीच काय बाई, तो माणूस कारखान्यातली मशीनं दुरुस्त करतो.

"करतो. कानानं आणि बोटांनी करतो. मीही आज सकाळपासून तेच करते आहे. तुमचं लिखाण त्याला फोन वाचून दाखवत असणार, पण फोटोत काय आहे ते फोन कसं सांगणार? जुना कट्टा त्याला चालत होता. तुम्ही सगळं नवीन केलंत, सगळ्यांना एकदा बाहेर काढलंत आणि दारात चित्रं टांगलीत. तो रुसून गेलेला नाही हो. तुम्ही त्याला बाहेर ठेवून कडी लावलीत."

"मग त्यांनी तक्रार नसती केली?"

"तक्रारीच्या दारातही तुमची शिडीच आहे. स्वतः जाऊन पाहा. तक्रार एकही नाही म्हणून फुशारकी मारत होतात ना?"

मग रीळवाले म्हणाले, समजा तुमचा तर्क चुकला तर? बाई म्हणाल्या, चुकला तर मी त्याला घालवलं, आणि तेही एकदाचं कळेल. उद्याचा दिवस पहारेकरी उठवा.

"आणि जाहिराती शिरल्या म्हणजे?"

"शिरू देत. जो माणूस सहा वर्षं एक दिवस न चुकता भांडायला आला, तो दार वाजवायचं सोडणार नाही."

६

सकाळी बाईंनी घरातला जुना चष्मा चढवला. पहारेकरी उठला आणि आधी शिरल्या त्या जाहिरातीच. टक्कल घालवा, घरबसल्या कमवा, पंधरा दिवसांत बारीक व्हा. कट्टा बुजून गेला. रेशीमगाठ घाबरून विचारू लागली की काय झालंय. रीळवाल्यांनी दोनदा फोन करून बाईंना ऐकवलं. दुपार झाली तरी उसवणचा पत्ता नव्हता. बाई अंगरख्याला बाही उलटी जोडून बसल्या आणि ती उसवताना त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या. आपण उगाच रहस्य रचलं. माणूस दुखावला आणि गेला, इतकी साधी गोष्ट. ती पचवता येईना म्हणून हा सगळा उपद्व्याप.

चारच्या सुमाराला, बिघडलेल्या मशीनच्या त्या जुन्या गाऱ्हाण्याखाली नवं लिखाण उमटलं.

"सुई हातात घ्यायला सांगणारं इथे एकही माणूस उरलं नव्हतं का? सरळ टाका यांना तर मशीन खोलण्याची हौसच आहे. आणि या टकलांना आत कुणी घेतलं?"

खाली नाव होतं, उसवण.

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. काजवालीनं विचारलं, काय झालं? काही नाही, त्या म्हणाल्या.

त्यांनी त्याला खासगीत लिहिलं. जे ओळखलं होतं ते सांगितलं आणि चष्म्याच्या वाक्याबद्दल माफी मागितली. त्याचं उत्तर चटकन आलं. त्यात लागण्यासारखं काय होतं? कोटी लंगडी होती, याहून बऱ्या कोट्या तुम्ही केल्या आहेत. दहा वर्षांपूर्वी डोळे गेले, कारखान्यानं कामावर ठेवलं, मशीनला काही फरक पडला नाही. कट्ट्यावर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही सगळे माझ्याशी सांभाळून भांडला असता.

बाईंनी विचारलं, घरात दुसरं कुणी नाही का? ती चित्रं कुणीही दाबून दिली असती.

"भाची आहे. रोज म्हणते, मामा, मी दाबते," त्यानं लिहिलं. "पण भांडायला जाताना माणूस कुणाचं बोट धरून जात नाही. मी रोज पहिली पाळी सुटली की दार ढकलून पाहायचो आणि शिव्या देऊन घरी जायचो."

पुढचं आलं ते त्याच्या नेहमीच्या तोऱ्यात नव्हतं.

"एक विचारतो. मी इतके दिवस नव्हतो. कट्ट्यावर कुणी आठवण काढली?"

बाईंना नवाकोरा आठवला, रेशीमगाठ आठवली, स्वतःच्या दोन प्रश्नांखालची रिकामी जागा आठवली. खोटं लिहायला बोट वळेना. सहा वर्षांत त्यांनी या माणसाला बरंच काही ऐकवलं होतं, पण खोटं कधी सांगितलं नव्हतं.

"कुणीही नाही," त्यांनी लिहिलं.

"तुम्ही?"

"मी शोधत होते."

बाहेर तालमीची घंटा झाली, दासी घागऱ्यांसाठी दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी बाई फोनवरून नजर काढेनात. अखेर फोन थरथरला.

"आधी तेलवाल्याकडे, मग एजंटकडे गेला असाल. चुकीच्या जागा. शोधायचं असतं तर पहिल्या दिवशी दारच तपासलं असतं मी."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी दासींना हातानंच थांबवलं, खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला घेतलं.